आकाशवाणी खऱ्या अर्थानं स्वायत्त करायची तर कुणाची पद्धत घ्यायची? ब्रिटन, जर्मनी, दक्षिण आफ्रिका आणि आपण

जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून त्याचं काम छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा आदेश निघाला. पुण्याहून सकाळी लागणाऱ्या प्रादेशिक बातम्यांवर महाराष्ट्रातल्या किती घरांचं घड्याळ चालायचं, हे वेगळं सांगायला नको. सुधा नरवणे यांच्या आवाजातल्या बातम्या ऐकत एक अख्खी पिढी शाळेसाठी तयार झाली. लोक चिडले, निवेदनं गेली, सगळ्या पक्षांचे नेते बोलले आणि काही दिवसांतच निर्णयाला स्थगिती मिळाली.

ही स्थगिती केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्र्यांनी जाहीर केली. श्रोत्यांना बरं वाटलं, मलाही वाटलं. पण आकाशवाणी चालवणारी प्रसार भारती ही संसदेनं कायदा करून उभी केलेली स्वायत्त संस्था आहे. तिच्या एका शहरातल्या वृत्तविभागाचं काय करायचं हे शेवटी मंत्र्याच्या शब्दावर ठरत असेल, तर त्या दिवशी निकाल आपल्या बाजूनं लागला इतकंच म्हणता येईल.

‘आकाशवाणीला सरकारच्या हातातून सोडवा’ ही मागणी जुनी आहे. तुम्ही एखाद्या संघटनेसाठी जाहीरनाम्यातल्या मागण्या लिहीत असाल, पत्रकारितेचे विद्यार्थी असाल किंवा नुसते जागरूक मतदार असाल, तर पुढचा प्रश्न येतोच: सोडवून ती नेमकी कुणाच्या हाती द्यायची? जगात याची बरीच उत्तरं आहेत. इथे मी आपली व्यवस्था आणि आणखी तीन देशांच्या व्यवस्था समोरासमोर ठेवतो आहे, शिवाय सावध करणारं एक उदाहरण. पाहताना तीन गोष्टींवर नजर ठेवा. वरच्या खुर्च्यांवर माणसं कोण बसवतं? वर्षाला किती पैसा मिळणार हे कोण ठरवतं? आणि बातमी लिहिणाऱ्याची बढती-बदली कुणाच्या हातात आहे? कायद्याच्या पहिल्या पानावर ‘स्वायत्त’ लिहिलंय का, याला माझ्या लेखी फारशी किंमत नाही. ते सगळीकडेच लिहिलेलं असतं.

आपली व्यवस्था: कायदा आहे, किल्ल्या मंत्रालयात

आपल्याकडे याची चर्चा १९६६ च्या चंदा समितीच्या अहवालापासून चालू आहे. पण ती पेटली आणीबाणीमुळे. २६ जून १९७५ च्या सकाळी इंदिरा गांधींनी देशाला आणीबाणीची खबर दिली ती आकाशवाणीवरूनच. दोनच दिवसांत माहिती व प्रसारण मंत्री इंद्रकुमार गुजराल यांच्याकडून खातं काढून घेतलं गेलं आणि विद्याचरण शुक्ल आले. पुढे काय झालं ते किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून गायब झाली यावरून सामान्य माणसालाही कळलं. एका गायकानं सरकारी कार्यक्रमासाठी गायला नकार दिला, म्हणून त्याचा आवाज देशभरच्या रेडिओवर बंद. रेडिओ ज्याच्या ताब्यात, त्याला हे करायला एक तोंडी आदेश पुरला.

१९७७ मध्ये जनता पक्षाचं सरकार आलं, बी. जी. वर्गीस यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमला गेला. १९७८ च्या अहवालात त्यांनी ‘आकाश भारती’ नावाचा राष्ट्रीय न्यास सुचवला आणि त्याला घटनेचं संरक्षण असावं असं म्हटलं. ते सरकारच टिकलं नाही. मग १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह सरकारच्या काळात प्रसार भारती कायदा झाला, आणि सात वर्षं तो अमलातच आणला गेला नाही. अखेर १५ सप्टेंबर १९९७ ला तो लागू झाला तेव्हा पंतप्रधान होते तेच गुजराल, ज्यांचं खातं बावीस वर्षांपूर्वी काढून घेतलं होतं.

कागदावर हा कायदा वाईट नाही. अध्यक्ष आणि सदस्यांची नावं तिघांची समिती सुचवते: राज्यसभेचे सभापती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेली एक व्यक्ती. यात राष्ट्रपतींची नेमलेली व्यक्ती म्हणजे व्यवहारात सरकारचीच निवड, आणि मंडळावर मंत्रालयाचा एक प्रतिनिधीही बसतो. कलम २३ नुसार सार्वभौमत्व, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी अमुक प्रसारित करू नका, किंवा अमुक कराच, असे निर्देश केंद्र सरकार देऊ शकतं. श्रोत्यांच्या तक्रारी ऐकण्यासाठी कलम १४ मध्ये ‘प्रसारण परिषद’ आहे, ती प्रत्यक्षात आलीच नाही. पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी एस. एस. गिल यांचं उदाहरण तर बोलकं आहे. त्यांच्यासाठी एका सरकारनं अध्यादेशानं वयोमर्यादा उठवली. १९९८ मध्ये सरकार बदललं, दुसऱ्या अध्यादेशानं वयोमर्यादा परत आली आणि गिल यांना जावं लागलं. माणूस चांगला की वाईट हा मुद्दाच नाही. अध्यादेश काढून आणता येतो आणि अध्यादेश काढून घालवता येतो, त्या माणसाला तुम्ही स्वायत्त संस्थेचा प्रमुख कसं म्हणणार?

तरी माझ्या मते खरी गाठ आहे ती कर्मचारी आणि पैसा या दोन ठिकाणी. ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत भरती झालेले कर्मचारी कायद्यानं सरकारी कर्मचारीच मानले गेले, प्रसार भारतीत ‘प्रतिनियुक्तीवर’ असलेले. आकाशवाणीच्या वृत्तसेवा विभागात भारतीय माहिती सेवेचे अधिकारी काम करतात, आणि ती सेवा मंत्रालयाची आहे. याचा अर्थ नीट पाहा. आज जो अधिकारी सकाळच्या बातमीपत्रात कुठली बातमी पहिली लावायची हे ठरवतो, त्याची उद्या पत्र सूचना कार्यालयात बदली होऊ शकते, जिथे त्याचं काम सरकारची बाजू लोकांपर्यंत पोहोचवणं हेच असतं. या अधिकाऱ्यांत उत्तम, सचोटीची माणसं आहेत. पण एकाच माणसाला आलटून पालटून सरकारचा प्रवक्ता आणि सरकारचा वार्ताहर व्हायला लावणारी रचना कुणालाच न्याय देत नाही. आणि दुसऱ्या टोकाला आहेत नैमित्तिक निवेदक. एकेका ड्यूटीच्या मानधनावर वर्षानुवर्षं केंद्र चालवणारी ही मंडळी. ज्याला पुढच्या महिन्याच्या ड्यूट्यांची खात्री नाही, तो काय प्रश्न विचारणार?

पैशाचं म्हणाल तर पगाराचा मोठा भार केंद्र सरकारच्या अनुदानावर आहे आणि नव्या यंत्रसामग्रीचा पैसा मंत्रिमंडळाच्या योजनांमधून येतो. जानेवारी २०२३ मध्ये अशाच एका योजनेत आकाशवाणी आणि दूरदर्शनसाठी मिळून २,५३९ कोटी रुपये मंजूर झाले. पैसा मिळतो, नाही असं नाही. पण तो दर वेळी मागावा लागतो.

ब्रिटन: सनद, परवाना शुल्क आणि संकेतांचं बळ

बीबीसीला १९२७ पासून राजसनद, म्हणजे राजाच्या नावानं दिलेलं अधिकारपत्र, आहे. सध्याची सनद २०२७ च्या अखेरीला संपते. पैसा मुख्यतः टीव्ही असलेल्या घरांच्या परवाना शुल्कातून येतो, २०२५ मध्ये हे शुल्क वर्षाला १७४.५० पौंड होतं. फक्त रेडिओ ऐकणाऱ्यांना १९७१ पासून काहीच द्यावं लागत नाही. आपल्याकडेही रेडिओचं लायसन्स होतं, पोस्टात जाऊन पुस्तिकेवर तिकिटं चिकटवून घ्यावी लागत, हे साठी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. १९८० च्या दशकात ते गेलं.

बीबीसीबद्दल आपल्याकडे जरा भाबडा आदर आहे, म्हणून दोन्ही बाजू सांगतो. १९२६ च्या सार्वत्रिक संपात चर्चिल यांना बीबीसी थेट ताब्यात हवी होती. बीबीसीचे तेव्हाचे प्रमुख जॉन रीथ यांनी ती दिली नाही, पण त्यासाठी त्यांनी किंमत मोजली: मजूर पक्षाच्या नेत्याला त्या काळात बोलू दिलं नाही. तीस वर्षांनी, १९५६ च्या सुएझ संकटात पंतप्रधान ईडन राष्ट्राला उद्देशून बोलले, आणि दुसऱ्याच दिवशी विरोधी पक्षनेते गेट्सकेल यांना उत्तर द्यायला बीबीसीनं वेळ दिला. ब्रिटिश सैन्य मोहिमेवर असताना! सरकार खवळलं, परदेशी प्रसारणाचं अनुदान कापण्याची भाषा झाली, परराष्ट्र खात्याचा एक अधिकारी संपर्कासाठी आणून बसवला गेला. बीबीसीनं माघार घेतली नाही. १९२७ मध्ये मिळालेल्या सनदेची कलमं १९५६ पर्यंत फारशी बदलली नव्हती. संस्थेला कणा आला होता आणि ‘इथवर जायचं नाही’ हे राज्यकर्त्यांनाही कळू लागलं होतं.

या पद्धतीचं बळ ते हेच, आणि दुबळेपणाही हाच. अध्यक्ष सरकारच्या सल्ल्यानंच नेमले जातात. बोरिस जॉन्सन यांच्या कर्जाच्या व्यवहारात आपला हातभार होता हे नेमणुकीच्या वेळी पुरतं उघड न केल्यानं रिचर्ड शार्प यांना २०२३ मध्ये अध्यक्षपद सोडावं लागलं. महासंचालक मात्र मंडळ नेमतं, मंत्री नाही, हा आपल्यापेक्षा मोठा फरक. शुल्क किती वाढवायचं हे सरकारच्या हातात आहे: २०२२ मध्ये ते दोन वर्षांसाठी गोठवलं गेलं, त्याआधी २०१५ मध्ये पंचाहत्तरीपुढच्या वृद्धांच्या मोफत परवान्यांचा खर्च सरकारनं बीबीसीच्या गळ्यात टाकला. बातमीला हात न लावता संस्था वाकवता येते ती अशी.

मराठी वाचकांसाठी एक तपशील. बीबीसीची मराठी सेवा ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाली ती ब्रिटिश परराष्ट्र खात्यानं दिलेल्या वाढीव निधीतून. म्हणजे थेट सरकारी पैशावरही संपादकीय अंतर राखायची पद्धत असू शकते, फक्त बातमी कुणी ठरवायची हे लेखी आणि आधी ठरलेलं असावं लागतं.

जर्मनी: कुणावरच विश्वास न ठेवणारी रचना

मला सगळ्यात जास्त शिकण्यासारखं वाटतं ते इथे. गोबेल्सचा रेडिओ अनुभवलेल्या देशानं ‘चांगले लोक सत्तेवर येतील’ हे गृहीतच धरलं नाही. युद्धानंतर प्रसारण केंद्र सरकारकडे न देता राज्यांकडे दिलं. १९६१ मध्ये चॅन्सलर आडेनाउअर यांनी केंद्राच्या ताब्यातली दूरचित्रवाणी कंपनी काढायचा घाट घातला तेव्हा घटना न्यायालयानं तो सरळ हाणून पाडला.

तिथल्या प्रत्येक सार्वजनिक प्रसारण संस्थेवर एक मोठी परिषद असते. त्यात चर्च, कामगार संघटना, मालक संघटना, महिला संघटना, खेळाडू, पर्यावरणवाले असे समाजातले गट आपापले प्रतिनिधी पाठवतात. पक्ष आणि सरकारचीही माणसं असतात, आणि त्यांनी अर्थातच हातपाय पसरले. २००९ मध्ये झेडडीएफ वाहिनीचे मुख्य संपादक निकोलाउस ब्रेंडर यांचा करार राजकारण्यांचा भरणा असलेल्या प्रशासकीय मंडळानं वाढवला नाही. देशभर गदारोळ झाला, प्रकरण घटना न्यायालयात गेलं आणि मार्च २०१४ मध्ये निकाल आला: सरकार आणि सरकारच्या जवळचे लोक या मंडळांत एक तृतीयांशाहून जास्त असता कामा नयेत. आकडा ठरवून दिला. ‘राजकीय हस्तक्षेप टाळावा’ असली मोघम वाक्यं आपल्या समित्यांच्या अहवालांत ढिगानं सापडतील. एक तृतीयांश ही मर्यादा मोजता येते, मोडली तर दाखवता येते.

पैशाचंही तसंच. २०१३ पासून दर घरटी शुल्क आहे, घरात रेडिओ असो वा नसो. प्रसारण संस्था आपली गरज सांगतात, एक स्वतंत्र तज्ज्ञ आयोग ती तपासतो, छाटतो आणि रक्कम सुचवतो. मग सोळाही राज्यांची मान्यता लागते. २०२० मध्ये महिन्याला ८६ सेंटची वाढ सुचवली गेली आणि सॅक्सनी-अनहाल्ट या एका राज्यानं ती अडवली. २०२१ मध्ये घटना न्यायालयानं सांगितलं की पुरेसा पैसा देणं हे राज्यांचं घटनात्मक कर्तव्य आहे, ठोस कारण नसताना आयोगाचा आकडा डावलता येणार नाही. शुल्क १८.३६ युरो झालं. ब्रिटनमध्ये जे हत्यार मंत्र्याच्या हातात आहे, ते जर्मनीत न्यायालयानं बोथट केलं.

दोष? आहेत. कारभार सुस्त आणि खर्चिक आहे. २०२२ मध्ये बर्लिन-ब्रांडेनबुर्गच्या आरबीबी संस्थेच्या प्रमुख पात्रिशिया श्लेसिंगर यांना उधळपट्टीच्या आरोपांवरून हटवलं गेलं. शुल्क सक्तीचं असल्यामुळे सामान्य जर्मन माणसाचा संताप समजण्यासारखा होता. सरकारपासून स्वतंत्र ठेवलेल्या संस्थेवर कडक लेखापरीक्षण नसेल तर तिथेही संस्थानिक तयार होतात.

दक्षिण आफ्रिका: आपल्याशी सर्वांत जवळचं उदाहरण

बहुभाषिक देश, मोठी गरीब लोकसंख्या, गावोगावी रेडिओवर विसंबलेले लोक. एसएबीसी ही तिथली सार्वजनिक प्रसारण संस्था वर्णद्वेषी राजवटीची तुतारी होती. सत्तांतराच्या तोंडावर, १९९३ मध्ये, तिचं नवं मंडळ निवडायला न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं उमेदवारांच्या जाहीर मुलाखती घेतल्या आणि त्या दूरचित्रवाणीवर दाखवल्या. राष्ट्राध्यक्ष डी क्लार्क यांनी काही नावं नाकारली, पण नाकारली हे सगळ्या देशानं पाहिलं. आजही संसद जाहीर मुलाखती घेऊन नावं राष्ट्राध्यक्षांना सुचवते. रेडिओ अकराही जुन्या अधिकृत भाषांत चालतो.

तरीही २०१६ मध्ये काय झालं पाहा. संस्थेतले सर्वांत ताकदवान अधिकारी हलौडी मोत्सोएनेंग यांनी आंदोलनांतली जाळपोळ दाखवायची नाही असं फर्मान काढलं. विरोध करणाऱ्या आठ पत्रकारांना काढलं. पण नियामक संस्थेनं दीडेक महिन्यात ते फर्मान मागे घ्यायला लावलं, पत्रकार न्यायालयात गेले आणि कामावर परतले. २०१७ मध्ये उच्च न्यायालयानं संस्थेचे कार्यकारी प्रमुख मंडळानं नेमायचे, मंत्र्यानं नव्हे, असा निकाल दिला. संस्था पडली, पण तिला उचलायला दोन-तीन हात होते. आपल्याकडे असं काही घडलं तर पत्रकारानं कुणाचं दार ठोठवायचं?

पैशात मात्र हे उदाहरण घेऊ नका. टीव्ही परवान्याचं शुल्क पाचांतली चार घरं भरत नाहीत, वसुली होत नाही, आणि मग तोट्यात बुडालेली संस्था सरकारकडे हात पसरते. नेमणुकीत जे कमावलं ते पैशात गमावलं.

पोलंडचा इशारा थोडक्यात. २०१५-१६ मध्ये तिथल्या नव्या सरकारनं सार्वजनिक प्रसारकांचे प्रमुख नेमायचा अधिकार थेट मंत्र्याकडे घेतला. मे २०२० मध्ये सरकारी रेडिओच्या तिसऱ्या वाहिनीवर सत्ताधारी नेत्याला टोचणारं गाणं श्रोत्यांच्या मतांनी पहिल्या क्रमांकावर आलं, तर तो निकालच रद्द केला गेला. निवेदकांची रांग लागली राजीनाम्यांसाठी. त्यांनी श्रोत्यांच्या वर्गणीवर दोन नवी इंटरनेट केंद्रं उभी केली, ती चालतायत. पण २०२३ च्या डिसेंबरात सत्ता पालटल्यावर नव्या सरकारनंही प्रमुख बदलले ते कंपनी कायद्याचा आधार घेऊन, आणि पुढे संस्था अवसायनात, म्हणजे कायद्यानं गुंडाळायला, काढल्या. हेतू सुधारणेचा असेलही. पण एकदा दार मोडलं की पुढच्याला ते मोडकंच मिळतं.

मग आपण काय निवडायचं?

बीबीसीसारखी सनद इथे आणून उपयोग नाही. ती शंभर वर्षांच्या संकेतांवर उभी आहे आणि संकेत आयात करता येत नाहीत. शुल्कही नको. जे लायसन्स आपण चाळीस वर्षांपूर्वी बंद केलं, ते आज मोबाइलवर ऐकणाऱ्याकडून वसूल करणं अशक्य आहे आणि गरिबावर अन्यायाचंही. जे फुकट, सर्वांत दूर पोहोचतं, तेच आकाशवाणीचं बळ आहे.

माझी निवड अशी: नेमणुकीची पद्धत दक्षिण आफ्रिकेची, मर्यादा जर्मनीची, पैशाचा मार्ग आपल्याच घटनेतला.

शेवटचं नीट सांगतो, कारण यावर फारसं बोललं जात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार आणि महालेखापरीक्षकांचा खर्च भारताच्या संचित निधीवर ‘भारित’ असतो. संसदेत त्यावर चर्चा होते, मतदान होत नाही. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या कुणालाही विचारा. घटनेच्या अनुच्छेद ११२ नुसार संसद कायदा करून आणखीही खर्च असा भारित ठरवू शकते. जर्मनीसारखा एक स्वतंत्र आयोग पाच वर्षांची रक्कम ठरवेल आणि ती भारित असेल, तर वार्षिक याचना संपेल. घटनादुरुस्ती नको, नवा कर नको. महालेखापरीक्षकांची तपासणी आज आहे तशीच राहू द्या, आरबीबीचं प्रकरण विसरायचं नाही.

क्रम विचाराल तर आधी पैसा आणि कर्मचारी, मग मंडळ. बहुतेक मसुदे उलटे लिहिलेले असतात: मंडळावर कोण कोण थोर व्यक्ती असाव्यात यावर पानंच्या पानं, आणि वृत्तविभागाची स्वतःची भरती, स्वतःची बढती यावर एक ओळ. प्रसार भारतीचं मंडळ उद्या देवमाणसांनी भरलं तरी वृत्तसंपादकाची बदली मंत्रालयातून होणार असेल तर फरक पडणार नाही. हाती आलेल्या मसुद्यात वृत्तसेवेचा स्वतंत्र संवर्ग (केडर) आहे का हे आधी शोधा. नसेल तर बाकीचं वाचायची घाई नको.

‘पैसा सरकारचा, मग आवाज सरकारचा का नको?’ हा आक्षेप नेहमी येतो. त्याचं उत्तर १९९५ मध्येच मिळालं आहे. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचं नियमन सरकारपासून स्वतंत्र संस्थेनं करावं. त्या खंडपीठातला मुख्य निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे आपले मराठी. पुढे ते प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले, म्हणजे प्रसार भारतीची माणसं सुचवणाऱ्या समितीतली एक खुर्ची त्याच पदाची.

‘आता रेडिओ ऐकतं कोण?’ असंही शहरात विचारलं जातं. सिंधुदुर्गात वादळाच्या रात्री वीज आणि मोबाइलचे टॉवर दोन्ही जातात तेव्हा आकाशवाणी कोण ऐकतं, ते तिथल्या माणसाला विचारा. परभणी, यवतमाळ, धुळे इथल्या केंद्रांवर हवामान, बाजारभाव, पीकसल्ला हे सगळं त्या जिल्ह्याच्या बोलीच्या जवळ जाऊन सांगितलं जातं. कुठल्याही खासगी वाहिनीला हे परवडणार नाही. स्वायत्ततेच्या नावाखाली ही केंद्रं ‘तोट्यात’ म्हणून एकत्र करण्याचा प्रस्ताव कुणी आणला तर तो नाकारा. प्रत्येक केंद्राला स्थानिक कार्यक्रमांचे किमान तास हे कायद्यातच लिहिलेले हवेत.

कायदा बदलायला वेळ लागेल, बहुमत लागेल. एक गोष्ट मात्र त्याच्या आधी होऊ शकते. आज खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, तेवढंच. सामुदायिक रेडिओचीही तीच गत. वर्तमानपत्र, टीव्ही, यूट्यूब सगळ्यांना बातमी द्यायची मुभा आणि फक्त रेडिओवर सरकारची मक्तेदारी, याला काहीच तर्क नाही. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनं सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात अशी शिफारस केली आहे. त्यासाठी संसदेत विधेयक आणावं लागत नाही, मंत्रालयाच्या धोरणात आणि परवान्याच्या अटींत बदल केला की पुरे. तुमच्या खासदाराला एकच पत्र लिहिणार असाल, तर ते याविषयी लिहा.